आठ पॉइंटर म्हणजे किती टक्के?

मनोरहून पालघरला जाताना वेवूरला सेंट जॉन अभियांत्रिकी महाविद्यालय लागते. बोईसरला थीम अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. निकालाच्या दिवशी दोन्हीकडे प्रश्न एकच असतो: पॉइंटर किती? पूर्वी ‘किती टक्के पडले’ असे विचारत, आता पॉइंटर विचारतात. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर त्याला सीजीपीआय म्हणतात, इतर बहुतेक विद्यापीठांत सीजीपीए. हिशेब साधा आहे. विषयातल्या गुणांवरून एक अक्षर मिळते, त्या अक्षराला शून्य ते दहामधला एक अंक ठरलेला असतो, त्या अंकाला विषयाच्या श्रेयांकांनी, म्हणजे क्रेडिटने, गुणायचे, सगळ्या विषयांची बेरीज करायची आणि एकूण श्रेयांकांनी भागायचे. चार श्रेयांकांच्या गणिताचे वजन एका श्रेयांकाच्या प्रात्यक्षिकाच्या चौपट, एवढीच त्यातली नवलाई. पदवी हातात येईपर्यंत हे कोणाला खटकत नाही. खटकते ते नंतर, नोकरीचा किंवा परदेशी विद्यापीठाचा अर्ज भरताना, कारण तिथे रकाना टक्क्यांचा असतो.

आठ पॉइंटर म्हणजे मग किती टक्के? दहाने गुणले तर ८०. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने दहावीसाठी रूढ केलेला साडेनऊचा गुणक लावला तर ७६. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, कोष्टकाप्रमाणे पॉइंटरमधून पाऊण वजा करून दहाने गुणायचे, म्हणजे ७२.५. आणि मुंबईच्या अभियांत्रिकी पदवीधरांत सर्रास चालणारे सूत्र, सव्वासात गुणिले पॉइंटर अधिक अकरा, वापरले तर ६९. मुलगी तीच, पेपर तेच, तपासणारे तेच, आणि उत्तरांत अकरा टक्क्यांचे अंतर. यातल्या शेवटच्या सूत्राचा तर आणखी एक चमत्कार आहे. मुंबईच्या दहा बिंदूंच्या अभियांत्रिकी श्रेणीपद्धतीत ७० ते ७४.९९ गुणांना ‘बी’ आणि आठ अंक मिळतात. म्हणजे प्रत्येक विषयात बी मिळवणाऱ्या विद्यार्थिनीचा पॉइंटर बरोबर आठ येतो. एकाही विषयात ती सत्तरच्या खाली उतरलेली नाही, तरी सूत्र तिला ६९ टक्के देते. वरच्या टोकालाही तेच. पूर्ण दहा पॉइंटर मिळवणाऱ्याचे टक्के होतात साडेत्र्याऐंशी, मग त्याला प्रत्येक पेपरात ९८ का मिळालेले असेनात.

हे सूत्र बदला, दुसरे आणा, अशी मागणी यावर नेहमी होते आणि ती अधूनमधून पुरीही होते. अभ्यासक्रमाची नवी आवृत्ती आली की नवे सूत्र येते. मला ही मागणीच चुकीची वाटते. दोष सूत्रात नाही, सूत्राकडून असलेल्या अपेक्षेत आहे. ८० गुणांना आणि ९८ गुणांना सर्वोच्च श्रेणीचा एकच ‘ओ’ दिला की त्या दोघांतला फरक गुणपत्रिकेतून पुसला गेला. तो नंतर कोणत्याही गुणाकाराने परत येत नाही. बाजारात बोंबील वाट्यावर घेतले की किलोचा भाव हिशेबाने निघत नाही, वाटा तराजूवर ठेवावाच लागतो. श्रेणी हा वाटा आहे. तो टाकण्यामागे चांगले कारण होते, पण एकदा टाकल्यावर त्यातून पुन्हा टक्के काढणे म्हणजे माहितीचा नुसता आभास निर्माण करणे. दोन विद्यापीठांतला, दोन देशांतला निकाल जुळवायचा तर मोजपट्टी एक करून भागत नाही. त्या पट्टीवर किती विद्यार्थी कुठे उभे होते, हे सांगावे लागते.

चांगले कारण कोणते, ते आधी पाहू, कारण टक्केवारीच्या आठवणीने हळवे होणारे पालक आजही कमी नाहीत. टक्के म्हणजे पक्के, असा त्यांचा समज असतो. १९१२ साली अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट यांनी इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिका १४२ शाळांतल्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. एकीला ६४ पासून ९८ पर्यंत गुण मिळाले, दुसरीला ५० पासून ९७ पर्यंत. पुढे इंग्लंडमध्ये फिलिप हार्टोग आणि र्‍होड्स यांनी १९३५ साली याहून बोचरा प्रयोग प्रसिद्ध केला. हार्टोग आपल्याकडे अनोळखी नाहीत. ढाका विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू आणि १९२९ च्या हार्टोग समितीचे अध्यक्ष. इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका त्यांनी परीक्षकांकडून तपासून घेतल्या आणि वर्षाहून जास्त काळ लोटल्यावर त्याच परीक्षकांकडे पुन्हा पाठवल्या. २१० निवाड्यांपैकी ९२ बदलले. कुठे पास झालेला नापास, कुठे नापास झालेला पास. आणि हे दोन परीक्षकांतले मतभेद नव्हेत, एकाच परीक्षकाचे स्वतःशी असलेले. अशा मोजमापात ६७.३ आणि ६७.९ यांत फरक मानणे म्हणजे धूळफेक. जवळपासच्या गुणांना एकाच श्रेणीत बसवण्याचा विचार इथून आला, आणि तो बरोबर होता. घोडचूक पुढे झाली, श्रेणी देऊन पुन्हा तिचे दशांशातले टक्के मागण्याची.

आता आपल्या पट्ट्यांकडे वळू. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ ची. लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर ते उभारले गेले, म्हणजे सुरुवातीला शिकवणारे नव्हे, परीक्षा घेणारे. १८६२ साली न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण भांडारकर ज्या पहिल्या तुकडीत पदवीधर झाले, ती तुकडी एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. तिथे गुणांचा अर्थ समजायला कोष्टक लागत नव्हते. परीक्षक आणि परीक्षार्थी एकमेकांना ओळखत असत. आज त्याच विद्यापीठाचे क्षेत्र पालघर आणि ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांत पसरले आहे आणि संलग्न महाविद्यालये आठशेंच्या वर आहेत. इंग्रजांकडून पहिला, दुसरा असे वर्ग घेताना रेषा मात्र आपण आपल्या आखल्या. ब्रिटनमध्ये सत्तरला पहिला वर्ग, आपल्याकडे साठला. म्हणून ६५ टक्क्यांचा फर्स्ट क्लास घेऊन लंडनला गेलेल्या मराठी मुलाला ‘तुमचा वरचा दुसरा वर्ग का’ असे विचारणारा भेटला, तर तो अडाणी नसतो. त्याच्या पट्टीवर ६५ ला तेच म्हणतात.

आपल्या स्वतःच्या पट्ट्या तरी कुठे स्थिर आहेत? २०११-१२ पासून मुंबई विद्यापीठाने श्रेयांकांवर आधारित सत्रपद्धती आणली तेव्हा मोजपट्टी सात बिंदूंची होती. ७० आणि त्यापुढचे सगळे ‘ओ’, सातपैकी सात. २०१६-१७ पासून दहा बिंदू आले आणि विज्ञान, वाणिज्य, कला या शाखांत ‘ओ’ साठी ८० लागू लागले. ७० ते ७९.९९ ला ‘ए प्लस’ आणि नऊ अंक. अभियांत्रिकीची पट्टी वेगळी. तिथे ७२ गुणांना ‘बी’ आणि आठ. म्हणजे एकाच विद्यापीठात, एकाच वर्षी, पालघरच्या सोनोपंत दांडेकर महाविद्यालयात रसायनशास्त्रात ७२ मिळवणारी मुलगी ए प्लस आणि वेवूरला यंत्र अभियांत्रिकीत ७२ मिळवणारा तिचा भाऊ बी. विज्ञानाच्या त्या पट्टीवर ‘बी’ चा अर्थ ५० ते ५४.९९ असा होता. दोघांच्या गुणपत्रिका शेजारी ठेवून वाचणारा कोणीही भावाला कच्चा समजेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, निवडीवर आधारित श्रेयांकपद्धतीसाठी जी दहा बिंदूंची शिफारस केली, तिने अक्षरे आणि अंक ठरवून दिले. कोणते अक्षर किती गुणांना, हे विद्यापीठांवर सोडले. श्रेणी गुणांच्या ठरलेल्या कक्षांवरून द्यायची की वर्गातल्या स्थानावरून, हेही. सारखी अक्षरे छापली की सारखेपणा आला, असा आपला समज झाला.

देशाबाहेर गेले की हा खेळ आणखी रंगतो. नेदरलँडमध्ये पट्टी एक ते दहाच आहे, पण तिथे आठ म्हणजे फार चांगला, नऊ विरळा आणि दहा जवळजवळ कोणाला देत नाहीत. फ्रान्समध्ये वीसपैकी गुण असतात आणि सोळाला ‘फार चांगला’ हा शेरा मिळतो. आपल्या मनात तो आकडा लगेच ८० टक्के होऊन बसतो आणि ‘बरा आहे’ असे वाटते; फ्रेंच प्राध्यापकाच्या मनात तो विद्यार्थी वर्गातल्या मोजक्यांपैकी असतो. इटलीत १८ ला पास आणि ३० ला पूर्ण गुण, आणि तिथे तिसापैकी तीस मिळणे ही नवलाची गोष्ट नाही. जर्मनीत पट्टी उलटी: १.० सर्वोत्तम, ४.० जेमतेम पास. अमेरिकेत चारपैकी. तिथल्या वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेससारख्या मूल्यमापन संस्था भारतीय गुणपत्रिकेतल्या साठ आणि त्यापुढच्या गुणांना साधारण ‘ए’ धरत आल्या आहेत, कारण भारतात गुण हात आखडून दिले जातात हा त्यांचा जुना अनुभव. हात सैल सुटला की त्या अंदाजाचे काय होईल, हा प्रश्न आपल्यापेक्षा त्यांना लवकर पडेल.

जर्मनीचे उदाहरण जरा सविस्तर घेऊ, कारण अभियांत्रिकीनंतर तिकडे पाहणारी मुले बरीच असतात. तिथे परदेशी गुणांसाठी सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. जास्तीत जास्त शक्य गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला ‘जास्तीत जास्त वजा पास होण्याचे किमान’ या फरकाने भागायचे, तिनाने गुणायचे आणि एक मिळवायचा. आठ पॉइंटर थेट दहाच्या पट्टीवर, किमान चार धरून टाकला, तर उत्तर येते २.०, जर्मनीत ही चांगली श्रेणी आहे. तोच पॉइंटर आधी मुंबईच्या सूत्राने ६९ टक्के करून, शंभर आणि चाळीस धरून टाकला, तर २.५५. तिथल्या कित्येक पदव्युत्तर अभ्यासक्रमांची प्रवेशाची रेषा २.५ असते. दुसरा दशांश सोडून दिला तर मुलगा जेमतेम आत, धरला तर बाहेर. दहापैकी दहा मिळवणारा मुलगा टक्क्यांच्या वाटेने गेला तर १.८ च्या वर चढूच शकत नाही, थेट गेला तर त्याला १.० मिळतो. गणिताच्या दृष्टीने दोन्ही वाटा निर्दोष आहेत. सूत्र फक्त एक सरळ रेष ओढते आणि गृहीत धरते की दोन्ही देशांत पास आणि सर्वोत्तम यांच्यामध्ये विद्यार्थी सारखेच पसरलेले आहेत. नेमके तेच खरे नसते.

मग देशादेशांत काहीच एकसारखे झाले नाही का? झाले, आणि पुष्कळ झाले, पण ते गुणांचे नव्हे, वेळेचे. युरोपात १९८९ साली विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या सोयीसाठी श्रेयांक हस्तांतर पद्धती सुरू झाली. एका वर्षाच्या अभ्यासाला ६० श्रेयांक, एका श्रेयांकाला २५ ते ३० तासांचे काम. १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यावर २९ देशांनी सह्या केल्यावर ती जवळपास सगळ्या खंडाची चलनव्यवस्था झाली. भारतात २०२१ साली श्रेयांकांची बँक आली आणि २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने वर्षाला १२०० तास, ४० श्रेयांक, म्हणजे एका श्रेयांकाला ३० तास ठरवून दिले. पदवीच्या पातळीची मान्यताही अशीच करारांनी सुटत आली आहे. जुलै २०२२ मध्ये भारत आणि ब्रिटन यांनी एकमेकांच्या पदव्या मान्य करण्याचा करार केला. वैद्यक, अभियांत्रिकी असे व्यावसायिक अभ्यासक्रम त्यात आले नाहीत. हे सगळे मोलाचे आहे. पण किती तास आणि कोणत्या पातळीवर शिकला, एवढेच हे करार सांगतात. किती चांगले शिकला, या प्रश्नाला त्यांनी हात लावलेला नाही, आणि अर्ज तपासणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

युरोपाने तोही प्रयत्न करून पाहिला होता. श्रेयांकांबरोबर त्यांनी सगळ्या खंडासाठी एक अक्षरपट्टी काढली: उत्तीर्ण झालेल्यांतल्या वरच्या १० टक्क्यांना ए, पुढच्या २५ ला बी, मग ३० ला सी, २५ ला डी, शेवटच्या १० ला ई. कागदावर सुरेख. प्रत्यक्षात विद्यापीठांनी ती वाट्टेल तशी वापरली. कोणी आपल्या जुन्या श्रेणीवर नुसती नवी अक्षरे चिकटवली, कोणाच्या वर्गात दहाच मुले, तिथे दहा टक्के म्हणजे एकच मूल. डेन्मार्कने तर या पट्टीशी जुळावी म्हणून २००७ साली आपली राष्ट्रीय श्रेणीपद्धतच बदलली. उणे तीनपासून बारापर्यंतच्या सात पायऱ्या, मधले काही अंक गाळलेले, बाहेरच्याला कोडे वाटावे अशा. आणि २००९ मध्ये युरोपाने ती अक्षरपट्टीच मोडीत काढली. डॅनिश विद्यार्थी अजून उणे तीन घेऊन बसले आहेत.

पट्टीच्या जागी आले एक साधे कोष्टक. प्रत्येक विद्यापीठाने आपली श्रेणी आपल्याच पद्धतीने द्यावी, फक्त गुणपत्रिकेसोबत सांगावे की त्या विद्याशाखेत मागच्या किमान दोन वर्षांत कोणती श्रेणी किती टक्के उत्तीर्णांना मिळाली. इटलीतला ३० आणि नेदरलँडमधला ८ शेजारी ठेवले की दिसते, समजा, हा वरच्या वीस टक्क्यांत आहे, तो वरच्या आठ टक्क्यांत. कोणाचे काही बदलावे लागत नाही. अमेरिकेत डार्टमथ महाविद्यालय १९९४ च्या निर्णयापासून बहुतेक विषयांसमोर वर्गाची मध्यम श्रेणी आणि वर्गातली विद्यार्थिसंख्या छापते. मुंबई विद्यापीठाने आपल्या गुणपत्रिकेवर आणि ट्रान्सक्रिप्टवर हेच करावे, असे माझे म्हणणे आहे: पॉइंटरच्या शेजारी एक रकाना, त्या शाखेत त्या वर्षी या पॉइंटरच्या वर किती टक्के उत्तीर्ण होते ते सांगणारा.

याला पहिला आक्षेप भावनेचा आहे आणि तो हलका नाही. श्रेणी आणल्या त्याच मुळी नंबरांची जीवघेणी शर्यत थांबावी म्हणून. आता पुन्हा टक्केवारीतले स्थान छापायचे? पण शर्यत थांबलेली नाही, ती फक्त प्रवेशद्वाराबाहेर गेली आहे. याच मुलांनी अभियांत्रिकीत प्रवेश घेतला तो राज्याच्या सीईटीच्या पर्सेंटाइलवर. ९२ पर्सेंटाइल म्हणजे शंभरांतले ९२ आपल्या मागे किंवा बरोबरीला, हे मनोरच्या पालकांना आता समजावून सांगावे लागत नाही. आत येताना स्थान चालते आणि बाहेर पडताना ते लपवायचे, यात विद्यार्थ्याची दया कमी आणि विद्यापीठाची सोय जास्त आहे. शिवाय मी क्रमांक मागत नाही. पहिला, दुसरा, तिसरा असे छापणे म्हणजे हार्टोगने उघडे पाडलेल्या दशांशांच्या खेळाकडे परत जाणे. पाच-पाच किंवा दहा-दहा टक्क्यांचे पट्टे पुरेत.

दुसरा आक्षेप पुराव्यानिशी येतो, म्हणून तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कॉर्नेल विद्यापीठाने १९९८ पासून विषयवार मध्यम श्रेणी संकेतस्थळावर जाहीर केल्या. पुढच्या अभ्यासात दिसले की विद्यार्थी सढळ हाताने गुण देणाऱ्या विषयांकडे वळले आणि श्रेणी आणखी फुगल्या. माहिती दिली म्हणून रोग वाढला! पण या प्रयोगातली मेख पाहण्यासारखी आहे. माहिती विद्यार्थ्यांना मिळत होती, गुणपत्रिकेवर मात्र ती छापली जात नव्हती; ते २००८ मध्ये दाखल झालेल्या तुकडीपासून सुरू झाले. म्हणजे सोपा विषय कोणता हे मुलाला माहीत, आणि त्याने सोपा विषय घेतला हे नोकरी देणाऱ्याला माहीत नाही. अशा वेळी मुलगा सोप्याकडे वळणारच. गुणपत्रिका वाचणाऱ्याला जर दिसले की या विषयात सत्तर टक्के वर्गाला ‘ओ’ मिळाला आहे, तर त्या ‘ओ’ चा मोह उरत नाही. अर्धे पारदर्शक असण्यापेक्षा पूर्ण झाकलेले बरे, एवढेच कॉर्नेलने सिद्ध केले.

श्रेणी फुगण्याचा रोग खरा आहे, त्याबद्दल शंका नको. हार्वर्डमध्ये २०१३ साली मध्यम श्रेणी ‘ए उणे’ आणि सर्वांत जास्त वेळा दिली जाणारी श्रेणी ‘ए’ असल्याचे त्यांनीच कबूल केले. प्रिन्स्टनने २००४ मध्ये ‘ए’ वर ३५ टक्क्यांची मर्यादा घातली. इतर विद्यापीठांतल्या मुलांपुढे आपली मुले उघडी पडतात अशी ओरड झाली आणि २०१४ मध्ये ती मर्यादा मागे घेतली गेली. इंग्लंडमध्ये पहिला वर्ग मिळवणाऱ्यांचे प्रमाण दशकभरात दुपटीहून जास्त झाले. एकट्या विद्यापीठाने हात आखडला की शिक्षा त्याच्याच विद्यार्थ्यांना होते. म्हणून बंधने टिकत नाहीत. कोष्टकाला बंधन लागत नाही. सगळ्यांना ‘ओ’ द्या, खुशाल द्या, फक्त सगळ्यांना दिला हे लिहा.

तिसरा आक्षेप आपल्या भागाचा आहे. वेवूरच्या किंवा बोईसरच्या महाविद्यालयातला वरचा दहावा भाग आणि पवईच्या आयआयटीतला वरचा दहावा भाग सारखा कसा? नाहीच सारखा, आणि कोष्टक तसा दावाही करत नाही. स्थान कोणत्या समूहातले, ते त्यात लिहिलेले असते. मुंबई विद्यापीठाच्या बाबतीत समूह महाविद्यालयाचा नव्हे, विद्यापीठाचा धरावा, कारण जिथे प्रश्नपत्रिका सामाईक आहे तिथे बोईसरची मुलगी मुंबईतल्या मुलाशी एकाच परीक्षेत तोललेली असते. उलट याचा खरा फायदा तिलाच आहे. आज मुलाखत घेणारा महाविद्यालयाचे नाव पाहतो आणि मनातल्या मनात पॉइंटर कापतो. अख्ख्या विद्यापीठात ती वरच्या पाच टक्क्यांत होती हे कागदावर असेल, तर महाविद्यालयाच्या नावाला तेवढे वजन राहणार नाही. अडचण येते ती अंतर्गत गुणांची, आणि महाविद्यालयेच परीक्षा घेतात अशा सत्रांची. स्वायत्त महाविद्यालयांत तर सगळी परीक्षाच त्यांची, पदवीवर नाव मात्र विद्यापीठाचे. तिथे महाविद्यालयाचे कोष्टक वेगळे द्यावे लागेल, आणि लहान वर्गांसाठी तीन-चार वर्षांची बेरीज करून. हे काम कटकटीचे आहे, हे मान्य.

आणि ज्या विद्यापीठाला निकाल वेळेवर लावता येत नाहीत ते कोष्टके कुठून छापणार, हा आक्षेप मुंबईत हमखास येतो. २०१७ साली विद्यापीठाने संगणकाच्या पडद्यावर तपासणी घाईने आणली, सतरा लाखांहून जास्त उत्तरपत्रिका अडकल्या, निकाल महिनोन्महिने रखडले, परदेशी प्रवेश मिळालेली मुले गुणपत्रिकेसाठी खेटे घालत राहिली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद गमवावे लागले. ही फजिती विसरण्यासारखी नाही. पण गुण संगणकात एकदा आले की ‘या पॉइंटरच्या वर किती’ हे काढायला नवा परीक्षक लागत नाही, नवी उत्तरपत्रिकाही नाही. निकाल लागला की कोष्टक तयार असते.

राहिली भरती करणाऱ्यांची सोय. त्यांना एक आकडा हवा, ६० टक्के. तारापूरचे अणुवीज केंद्र चालवणारी न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन अभियंता-प्रशिक्षणार्थींसाठी किमान ६० टक्क्यांची अट घालते, तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या खासगी कंपन्यांनाही हाच आकडा आवडतो. गंमत अशी की इथे तंत्रशिक्षण परिषदेचे कोष्टक आणि मुंबईचे सूत्र जवळजवळ एकत्र येतात. ६० टक्के म्हणजे एकीकडे ६.७५, दुसरीकडे ६.७६. फर्स्ट क्लासची रेष सांभाळली गेली आहे. वर जावे तसे फाटत जाते, आणि नऊ पॉइंटरला एक ८२.५ म्हणते, दुसरे ७६.२५. दहाने सरळ भागणाऱ्याला मात्र साठासाठी सहाच पॉइंटर पुरतो. किमान अट म्हणून एक रेष असायला हरकत नाही, पण ती पॉइंटरमध्येच लिहावी, विद्यापीठागणिक. टक्के मागायचेच नाहीत.

विद्यापीठ हे करेल तेव्हा करेल. तोवर अर्ज भरणाऱ्याने एवढे करावे: टक्क्यांचा रकाना सक्तीचा नसेल तर पॉइंटर आणि मूळ पट्टीच लिहावी, ‘दहापैकी आठ, किमान उत्तीर्ण चार’ अशी. सक्तीचा असेल तर आंतरजालावरच्या गणकयंत्राचा आकडा न टाकता विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून रूपांतराचे पत्र घ्यावे आणि त्यात कोणत्या वर्षाच्या अभ्यासक्रमाचे सूत्र लावले ते नोंदवून घ्यावे. गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला श्रेणींचे कोष्टक छापलेले असते. त्याची प्रत जोडल्याशिवाय परदेशी विद्यापीठाला कागद पाठवू नयेत. वेळ लागतो, म्हणून शेवटच्या सत्राच्या निकालाची वाट न पाहता आधीच्या सत्रांवरच अर्ज करून ठेवावा.